सर्व्हर देखरेख प्रणाली

संस्थेच्या संगणकीय कामकाजाचा भार वाहणाऱ्या सर्व्हरांची स्थिती ठराविक कालांतराने मोजणे, त्या मोजमापांची नोंद ठेवणे आणि बिघाडाची चिन्हे दिसताच संबंधितांना इशारा देणे, ही कामे करणाऱ्या आज्ञावलींच्या समूहास सर्व्हर देखरेख प्रणाली असे म्हणतात. बँका, रेल्वे आरक्षण, रुग्णालये, दूरध्वनी यांसारख्या सेवांमागे शेकडो, तर काही ठिकाणी लक्षावधी सर्व्हर अहोरात्र चालू असतात. प्रोसेसरवरील ताण, शिल्लक स्मृती, डिस्कवरील मोकळी जागा, नेटवर्कमधून होणारी माहितीची ये-जा, विनंतीस उत्तर देण्यास लागणारा वेळ इ. राशी त्यांच्या बाबतीत प्रामुख्याने मोजल्या जातात.

या प्रणालींच्या इतिहासात एक अडचण सातत्याने आढळते. अल्प पाण्यात मोठा तापमापक बुडविल्यास तो पाण्याचे तापमान स्वतःच बदलतो. त्याचप्रमाणे देखरेखीची आज्ञावली ज्या सर्व्हरचे मापन करते, त्याचाच प्रोसेसर, स्मृती व नेटवर्क वापरते. शिवाय गोळा झालेली मोजमापे साठविण्याचा आणि ती शोधून काढण्याचा भार वेगळाच असतो. उदा., १,००० सर्व्हरांवरील प्रत्येकी १०० राशी दर मिनिटास एकदा मोजल्यास दिवसाकाठी १४.४ कोटी नोंदी होतात. प्रत्येक नोंदीस वेळ व मूल्य मिळून १६ बाइट लागतात असे धरल्यास एका दिवसाची साठवण सु. २.३ गिगाबाइट भरते. त्यामुळे देखरेख प्रणालींची कार्यक्षमता वाढविण्याचा इतिहास हा मुख्यत्वे कमी मोजणे, मोजलेल्याचा सारांश करणे, काम विभागून देणे आणि नोंदी दाबून बसविणे, या चार उपायांचा इतिहास आहे. यांतील प्रत्येक उपायाने भार हलका झाला. परंतु बहुतेक वेळा त्याची किंमत म्हणून काही तपशील गमवावा लागला. काय टाकून द्यावे, हा निर्णय बिघाड होण्यापूर्वीच घ्यावा लागतो, हे या विषयातील खरे अवघडपण होय.

प्रारंभीची साधने : १९६० नंतरच्या दशकात मोठे संगणक अत्यंत महाग असल्याने त्यांचा वेळ कोणत्या कामात खर्च होतो, हे जाणणे आर्थिक दृष्ट्या आवश्यक होते. त्यासाठी दोन प्रकारची साधने प्रचारात आली. पहिल्या प्रकारात संगणकाच्या विद्युत् मंडलांतील निवडक बिंदूंना तारा जोडून त्यांवरील संकेत स्वतंत्र गणित्रांनी मोजीत आणि त्यांची बेरीज चुंबकीय फितीवर नोंदवीत. हे यंत्र संगणकाबाहेर असल्याने मापनाचा भार संगणकावर जवळजवळ पडत नसे. मात्र कोणत्या वापरकर्त्याच्या कोणत्या कामामुळे प्रोसेसर व्यग्र आहे, हे त्यास कळत नसे. दुसऱ्या प्रकारात संगणकातच चालणारी आज्ञावली ठराविक क्षणी चालू काम थांबवून त्याची नोंद करी. तिला कामाचा अर्थ कळे, परंतु तिच्यासाठी संगणकाचा वेळ द्यावा लागे. आयबीएम कंपनीच्या ओएस/३६० या कार्यकारी प्रणालीबरोबर आलेल्या एसएमएफ या सुविधेत प्रत्येक कामाने वापरलेला वेळ व साधने यांच्या नोंदी होत. नोंदींचे प्रकार क्रमांकांनी ओळखले जात आणि त्यांतील कोणते लिहावयाचे व कोणते वगळावयाचे, हे ठरविण्याची सोय केंद्रचालकास दिलेली होती.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील मल्टिक्स या प्रकल्पात या दोन्ही पद्धतींचा मेळ घातला गेला. जेरोम सॉल्टझर आणि जॉन गिंटेल यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याचे वर्णन आहे. आज्ञावलीस वाचता येईल असे घड्याळ, स्मृतीच्या वापराचे गणित्र आणि बाहेरून चालविता येणारी माहितीवाहिनी ही खास उपकरणे तेथे यंत्रातच बसविलेली होती. मापनाची सोय नंतर जोडण्याऐवजी मूळ रचनेतच असावी, हा विचार त्यातून पुढे आला.

याच सुमारास सारांश करण्याचीही एक सोपी रीत रूढ झाली. टेनेक्स या कार्यकारी प्रणालीत प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या कामांची सरासरी संख्या ‘सरासरी भार’ या नावाने दाखवीत. जुलै १९७३ मधील अशा आकड्यांचे टिपण ऑगस्ट १९७३ मध्ये आर्पानेटच्या पत्रकमालेत प्रसिद्ध झालेले आहे. पुढे यूनिक्स व लिनक्स या प्रणालींत १, ५ व १५ मिनिटांचे तीन आकडे याच कल्पनेवर दिले जाऊ लागले. जुन्या सरासरीचा काही अंश व आताच्या मूल्याचा काही अंश यांची बेरीज करून नवी सरासरी काढली जात असल्याने पूर्वीची मोजमापे जपून ठेवावी लागत नाहीत. केवळ तीन संख्या पुरतात. तथापि मिनिटभराच्या सरासरीत दोन सेकंदांचा तीव्र ताण दिसेनासा होतो. सारांशाचा हा दोष पुढील सर्व प्रणालींत वेगवेगळ्या रूपांत उतरला.

नेटवर्कद्वारा देखरेख : संगणक एकमेकांस जोडले गेल्यावर एका ठिकाणी बसून अनेक यंत्रांची विचारपूस करणे शक्य झाले आणि आवश्यकही ठरले. ऑगस्ट १९८८ मध्ये एसएनएमपी या संकेतावलीचा मसुदा प्रसिद्ध झाला. देखरेखीखालील यंत्रावर शक्य तितके कमी काम टाकावे आणि गुंतागुंत मध्यवर्ती केंद्राने सोसावी, हे तिचे धोरण होते. विचारणा व उत्तर ही पूर्वसंधान न जोडता लहान संदेशांनी पाठविली जात. परंतु लांबलचक तक्त्यातील मूल्ये मागताना फार फेऱ्या कराव्या लागत. हा दोष ओळखून १९९३ मधील दुसऱ्या आवृत्तीत एकाच विचारणेस अनेक ओळींचे उत्तर एकत्र देण्याची सोय करण्यात आली.

विचारणा करणाऱ्या केंद्राची एक विशेष अडचण या काळात स्पष्ट झाली. केंद्र एकामागून एक अशा क्रमाने १,००० यंत्रांना विचारीत असेल आणि उत्तर न आल्यास १० सेकंद थांबत असेल, तर सर्व यंत्रे ठीक असताना फेरी लवकर संपते. परंतु ५० यंत्रे बंद पडल्यास नुसते थांबण्यातच ५०० सेकंद जातात व पाच मिनिटांची फेरी वेळेत पुरी होत नाही. म्हणजे ज्या वेळी माहितीची सर्वाधिक निकड, त्याच वेळी देखरेख मंदावते. एका वेळी अनेक विचारणा समांतर पाठविणे व उत्तरांची वाट न पाहता पुढे जाणे, हे यावरील उपाय होत.

एमआरटीजी व आरआरडीटूल : १९९४ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथील डी माँटफर्ट विद्यापीठात हजाराहून अधिक संगणकांना इंटरनेटशी जोडणारी केवळ ६४ किलोबिटची एक वाहिनी होती. तिच्यावरील ताण सर्वांना पाहता यावा म्हणून टोबियास ओटिकर यांनी एमआरटीजी ही आज्ञावली लिहिली व १९९५ मध्ये ती खुली केली. पर्ल भाषेतील ही पहिली आवृत्ती मंद होती. डेव्ह रँड यांनी तिच्यातील नोंदी ठेवण्याचा भाग सी भाषेत पुन्हा लिहिल्यावर तिचा वेग सु. ४० पटींनी वाढला. वेगाहूनही महत्त्वाची होती ती नोंदवहीची रचना. अलीकडची मोजमापे पाच मिनिटांच्या अंतराने, त्यामागची अर्ध्या तासाच्या, मग दोन तासांच्या व शेवटी एका दिवसाच्या सरासरीने ठेवली जात. त्यामुळे दोन वर्षांचा इतिहास राहूनही नोंदवहीचा आकार वाढत नसे. जुने तेवढे पुसट होत जाणे, ही येथे उणीव नसून मुद्दाम पत्करलेली तडजोड होती.

एमआरटीजीमध्ये प्रत्येक मोजमापागणिक सबंध नोंदवही पुन्हा लिहावी लागे. हा खर्च टाळण्यासाठी ओटिकर यांनी साठवण व आलेखन यांची वेगळी आज्ञावली तयार केली. आरआरडीटूल या नावाने तिची पहिली पूर्ण आवृत्ती १९९९ मध्ये आली. तिच्यातील संचिकेचा आकार आरंभीच ठरतो. रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणे जागा फिरत राहतात आणि नवे मूल्य सर्वांत जुन्या मूल्याच्या जागी लिहिले जाते. एका नोंदीसाठी काही थोडे बाइट बदलणे पुरे होते. ही साठवण पुढील दशकात अनेक देखरेख प्रणालींचा पाया झाली.

संचिकांची संख्या वाढल्यावर मात्र नवी अडचण आली. एका सर्व्हरवर काही दहा हजार किंवा फार तर एक लक्ष संचिकांपलीकडे ही पद्धत चालत नाही, असा समज रूढ झाला. डेव्हिड प्लोंका, अर्चित गुप्ता व डेल कार्डर यांनी २००७ मध्ये या समजाची तपासणी प्रसिद्ध केली. संचिकेचा एक भाग मागितला की लगतचे भागही लागतील असे गृहीत धरून कार्यकारी प्रणाली ते डिस्कवरून आगाऊ वाचून ठेवते. सामान्य वाचनात याचा लाभ होतो. परंतु येथे प्रत्येक संचिकेतील एकदोन ठिकाणीच लिहावयाचे असल्याने आगाऊ वाचलेले भाग निरुपयोगी ठरत आणि ते स्मृतीत जागा अडवून हवे असलेले भाग बाहेर ढकलीत. खोळंबा लिहिण्याचा नसून अनावश्यक वाचनाचा होता. आगाऊ वाचन नको, अशी सूचना आज्ञावलीने देणे आणि अनेक नोंदी स्मृतीत साठवून एकदम लिहिणे, अशा दोन उपायांनी प्रणालीची क्षमता सु. तिप्पट झाली. त्या आधारे सु. ३,२०,००० संचिकांची आणि दर पाच मिनिटांस पाच लक्षांहून अधिक मोजमापांची प्रणाली त्यांनी चालवून दाखविली. नोंदी साठवून लिहिण्याची सोय २००९ मध्ये आरआरडीटूलमध्येच समाविष्ट झाली. नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी खोळंब्याचे खरे स्थान शोधावे, याचे हे बोलके उदाहरण आहे. देखरेख प्रणालीवरही देखरेख ठेवावी लागते, हेही त्यातून दिसून आले.

कामाची विभागणी : ईथन गॅलस्टाड यांनी १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने प्रसिद्ध केलेली व २००२ मध्ये नागिओस असे नामांतर झालेली प्रणाली तपासणीच्या लहान लहान स्वतंत्र आज्ञावली चालवीत असे. त्यामुळे कोणासही नवी तपासणी सहज जोडता येई आणि तिचा प्रसार झपाट्याने झाला. परंतु प्रत्येक तपासणीसाठी मुख्य आज्ञावलीची प्रत काढून नवी प्रक्रिया सुरू करावी लागे. हजारो तपासण्यांत प्रत्यक्ष तपासणीपेक्षा प्रक्रिया सुरू करण्याचाच खर्च जाणवू लागे. २०१३ मधील चौथ्या आवृत्तीत हे काम आधीच सुरू करून ठेवलेल्या छोट्या कामकरी प्रक्रियांकडे सोपविण्यात आले. केंद्राने विचारीत बसण्याऐवजी सर्व्हरनेच आपली स्थिती कळवावी, ही पर्यायी रीतही मोठ्या संस्थांत वापरली गेली.

लॅटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव्ह यांनी २००१ मध्ये खुल्या केलेल्या झॅबिक्स या प्रणालीने नोंदींसाठी सर्वसामान्य संबंधाधारित डेटाबेसचा अवलंब केला. तिच्यात मूळ मोजमापे काही काळच ठेवून दर तासाचे किमान, कमाल व सरासरी मूल्य दीर्घकाळ जपले जाते. किमान व कमाल मूल्ये राखल्यामुळे सरासरीत लपणारे टोक काही अंशी वाचते. या पद्धतीत जुन्या नोंदी एकेक करून पुसणे हे नव्या लिहिण्याइतकेच जड ठरते. म्हणून मोठ्या संस्थांत तक्त्याचे दिवसवार विभाग पाडून मुदत संपलेला सबंध विभाग एकदम काढून टाकतात. २००८ मधील आवृत्तीत आलेल्या मध्यस्थ सर्व्हरांमुळे दूरच्या कार्यालयांतील मोजमापे तेथेच गोळा होऊन एकत्रितपणे केंद्राकडे जाऊ लागली. २०१३ मध्ये इशाऱ्यासाठी वारंवार लागणारी अलीकडची मूल्ये स्मृतीत ठेवण्याची सोय झाली आणि डेटाबेसवरील वाचनाचा ताण उतरला.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेल्या गँग्लिया या प्रणालीने संगणकसमूहांसाठी वेगळा मार्ग स्वीकारला. समूहातील प्रत्येक यंत्र आपली मूल्ये इतरांस एकाच प्रक्षेपणाने कळविते. मूल्यात ठरवून दिलेल्या मर्यादेहून अधिक बदल झाला किंवा ठराविक काळ उलटला, तरच संदेश जातो. अनेक समूहांचे सारांश झाडाच्या फांद्यांप्रमाणे वरवर एकत्र केले जातात.

स्मृतीतील साठवण व संक्षेपण : २०१० नंतर मोठ्या इंटरनेट कंपन्यांत डिस्कवरील साठवण अपुरी पडू लागली. फेसबुक कंपनीतील तुओमास पेल्कोनेन व त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये गोरिला या प्रणालीचे वर्णन प्रसिद्ध केले. कंपनीतील विचारणांपैकी किमान ८५ टक्के विचारणा शेवटच्या २६ तासांतील मोजमापांविषयी असतात, असे त्यांना आढळले होते. तेवढी मोजमापे स्मृतीत ठेवता आली, तर बिघाडाचा शोध शीघ्र होईल, हा त्यांचा तर्क होता. त्यासाठी मोजमापांच्या स्वरूपाचाच उपयोग करून घेण्यात आला. मोजमापे बहुधा समान अंतराने येतात. म्हणून प्रत्येक वेळ पूर्ण न लिहिता दोन लागोपाठच्या अंतरांमधील फरक तेवढा लिहितात. अंतर समान असल्यास तो शून्य येतो व एका बिटात मावतो, सु. ९६ टक्के वेळा असेच घडते. मूल्यही मागील मूल्याहून फारसे वेगळे नसते. दोहोंच्या द्विमान रूपांतील भिन्न बिटच लिहिले जातात. अशा प्रकारे १६ बाइटांची नोंद सरासरी १.३७ बाइटांवर आली. आरंभी दिलेल्या उदाहरणातील २.३ गिगाबाइटांची साठवण या हिशेबाने ०.२ गिगाबाइटांत बसेल. पूर्वीच्या डिस्काधारित साठवणीच्या तुलनेने उत्तरास लागणारा वेळ ७३ पटींनी घटला. या संक्षेपणात मूल्यांचा अंशही गमावला जात नाही, हा त्याचा विशेष होय. मात्र यंत्र अचानक बंद पडल्यास अगदी अलीकडच्या काही नोंदी नष्ट होण्याची शक्यता पत्करलेली होती. सर्व नोंदी सुरक्षित असण्यापेक्षा प्रणाली सतत उपलब्ध असणे अधिक मोलाचे मानले गेले.

साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये मॅट प्राउड व ज्यूलियस फोल्झ यांनी प्रारंभ केलेली प्रोमीथिअस ही प्रणाली २०१५ मध्ये व्यापक प्रसिद्धीस आली. तिच्यात प्रत्येक मोजमापास सर्व्हर, सेवा, उत्तराचा प्रकार अशी विशेषणे जोडता येतात. आरंभी तिच्यात प्रत्येक कालश्रेणीस स्वतंत्र संचिका होती. सेवा अल्पायुषी कप्प्यांत चालविण्याची रीत वाढल्यावर कालश्रेणी सतत जन्मू व संपू लागल्या आणि संचिकांची संख्या आवाक्याबाहेर गेली. नोव्हेंबर २०१७ मधील दुसऱ्या आवृत्तीत दोन तासांची सर्व मोजमापे एका गठ्ठ्यात बांधण्याची रचना आली. गोरिलासारख्या संक्षेपणामुळे एका मोजमापास १ ते २ बाइट पुरू लागले. असे असले, तरी विशेषणांचा अविचारी वापर ही या पद्धतीतील सर्वांत मोठी हानी ठरते. २०० सर्व्हर, ५ प्रकारच्या विनंत्या व १० प्रकारची उत्तरे यांच्या १०,००० कालश्रेणी होतात. त्यांत एक लक्ष ग्राहकांचे क्रमांक विशेषण म्हणून जोडल्यास ही संख्या १०० कोटींपर्यंत जाऊ शकते. अशा वेळी कोणतेही संक्षेपण पुरे पडत नाही. काय मोजावे याचा विवेकच उपयोगी पडतो.

गरजेपुरते मापन : सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतील ब्रायन कँट्रिल, माइक शापिरो व ॲडम लेव्हेंथाल यांच्या डीट्रेस या साधनाचे वर्णन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००५ मध्ये ते सोलारिस १० बरोबर उपलब्ध झाले. चालू असलेल्या सर्व्हरमध्ये हव्या त्या ठिकाणी मापनबिंदू लावता व काढता येतात आणि बंद असलेल्या बिंदूंचा भार पडत नाही, ही त्याची वैशिष्ट्ये होत. मोजमापे बाहेर न पाठविता कार्यकारी प्रणालीच्या गाभ्यातच त्यांची बेरीज होते. लिनक्समध्ये २०१४ पासून ईबीपीएफ या यंत्रणेने असेच सामर्थ्य आणले. गूगल कंपनीने २०१० मध्ये वर्णिलेल्या डॅपर या प्रणालीत एका विनंतीचा अनेक सर्व्हरांतून होणारा प्रवास नोंदविला जातो. भार टाळण्यासाठी १,०२४ पैकी एखाद्याच विनंतीची निवड करण्यापर्यंत मजल गेली. मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या सेवेस हा नमुना पुरतो. क्वचित घडणारा दोष मात्र त्यातून निसटू शकतो.

मूल्यमापन : देखरेख प्रणालीची कसोटी शांत काळात लागत नाही. ७ डिसेंबर २०२१ रोजी ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात क्षमता वाढविण्याच्या एका स्वयंचलित क्रियेनंतर अंतर्गत नेटवर्कवर जोडण्यांचा लोंढा आला. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार या कोंडीमुळे तात्कालिक देखरेखीची माहितीच संचालकांना मिळेनाशी झाली. कोंडीचा उगम शोधण्यासाठी त्यांना नोंदवह्यांचा आधार घ्यावा लागला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी फेसबुकच्या सेवा सु. सहा तास बंद पडल्या, तेव्हाही बिघाडाचा शोध घेण्याची अंतर्गत साधने त्याच बिघाडात सापडली होती. या प्रसंगांत उणीव वेगाची वा साठवणीची नव्हती. देखरेखीची वाट आणि देखरेखीखालील वाट एकच होती. १९६० नंतरच्या दशकात संगणकाबाहेर ठेवलेल्या गणित्रांना जे स्वातंत्र्य आपोआप लाभले होते, ते आता स्वतंत्र नेटवर्क, वेगळे सर्व्हर व इशाऱ्यांची पर्यायी वाट यांच्या साहाय्याने मुद्दाम निर्माण करावे लागते. दर सेकंदास किती मोजमापे घेता येतात, या संख्येवरून प्रणालीची कार्यक्षमता मोजण्याचा प्रघात आहे. परंतु सर्व्हर सर्वाधिक ताणाखाली असताना योग्य ती थोडी मोजमापे योग्य माणसापर्यंत वेळेवर पोहोचतात की नाही, हेच तिचे अंतिम माप होय.